पश्चिमेचं कुंपण

नॉयटाल,
रविवार, ५ ऑक्टोबर २००३

प्रिय रोझिना,

तुझी तीन पत्रं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडली आहेत. रोज सकाळी मी कॉफीचा कप त्यांच्या शेजारी ठेवते आणि त्यांच्याकडे बघायचं टाळते. ऑगस्टच्या पत्रात तू लिहिलं होतंस, "टिली, माझ्या लेकीच्या थडग्याच्या दगडाशेजारची जागा माझ्यासाठी राखून ठेव. पिअसला इथे ओरेगनमध्ये त्याच्या भावांजवळ झोपू दे. मी तिच्याजवळच येणार." एवढ्या साध्या मागणीला दोन ओळींचं उत्तर पुरलं असतं. मी पाच वेळा लिहायला बसले आणि पाचही कागद चुलीत घातले. तुझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं असेल, टिली अंथरुणाला खिळली की काय, की म्हातारपणी तिला शिंगं फुटली. दोन्ही नाही. गुडघ्यांची कुरकुर सोडली तर मी ठणठणीत आहे, आणि शिंगं फुटायचं वय कधीच गेलं. मला तुला त्या दगडाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे आणि ती वीस तारखेच्या आत तुझ्या कानावर गेलीच पाहिजे. म्हणून आज चर्चमधल्या मिस्साहून आले ती अंगातला कोटही न काढता लिहायला बसले आहे.

आधी बातमी. दफनभूमीच्या टेकडीच्या पश्चिमेचा रस्ता रुंद होतोय. धान्याचे ते लांबलचक ट्रक एकमेकांना वाट देताना चरात उतरतात, गेल्या वर्षी दोन आडवे झाले. काउंटीने ठरवलं, दफनभूमीच्या पश्चिम कुंपणाबाहेरची बारा फुटांची पट्टी चरासकट रस्त्यात घ्यायची. कुंपणाच्या आत कोणी बोटही लावणार नाही, तसं लिहून दिलंय. पण जुनी दफनभूमी, कोणी बाहेरही पुरलेलं असलं तर नसती आफत नको, म्हणून त्यांनी विद्यापीठातून मेगन नावाची एक मुलगी पाठवली. तिच्याकडे बाबागाडीसारखं एक यंत्र आहे. ते जमिनीवरून ढकलत न्यायचं, म्हणजे खालची माती पूर्वी कुठे उकरली होती ते पडद्यावर दिसतं. आपल्या दफनभूमी समितीचा अध्यक्ष हल्ली लिओ फेटिग आहे, तोच तो, शाळेत तुझ्या वेण्या शाईत बुडवायचा. त्याने त्या पोरीला पाहताक्षणीच सुनावलं, "कशाला एवढं ओझं वाहून आणलंस गं? आमच्या टिलीला दोन तारा पुरतात. तिला बॅटरीसुद्धा लागत नाही." सगळे हसले. मीही हसले.

मेगनला अहवालासाठी टेकडीचा इतिहास हवा होता, तेव्हा लोकांनी मलाच पुढे ढकललं. मी टेपरेकॉर्डरसमोर बसून सगळं म्हणून दाखवलं, जे तू आणि मी गोधडीत शिरून माझ्या आजीकडून ऐकलं होतं. काळ्या समुद्राकडून आलेली अकरा कुटुंबं, गवताच्या ढेकळांची घरं आणि तो पहिला हिवाळा. जानेवारीत माणसं मरायला लागली तेव्हा जमीन कुदळीला दाद देईना, म्हणून मेलेल्यांना गव्हाच्या कोठारात ठेवलं, एप्रिलपर्यंत. आजी म्हणायची, "त्या वर्षी कोठारात गहू कमी आणि माणसं जास्त." नांगराला नको असलेली दगडाळ टेकडी मग देवाला दिली. देवाला नेहमी तशीच देतात. पुढे पंचवीस वर्षांनी वणवा आला. लाकडी क्रूस जळाले, फादरांचं घर जळालं, नोंदींची वही त्याच घरात. एका दुपारीत कोणाची आई कुठे आहे ते कोणालाच सांगता येईना. तेव्हा माझ्या आजोबांनी कुंपणाच्या दोन तारा काटकोनात वाकवल्या, त्या हातात सैल धरून टेकडी पायाखाली घातली, आणि जिथे तारा आपोआप एकमेकींवर आल्या तिथे थडगं आहे असं सांगितलं. लोहाराने चाकांच्या लोखंडी धावांपासून क्रूस बनवले आणि त्या त्या जागी रोवले. तेव्हापासून आमच्या फाइस्टांच्या घरातल्या कोणीतरी तारा फिरवून खाली आधीचं कोणी नाही ना ते बघितल्याशिवाय नॉयटालमध्ये नवी कबर खणत नाहीत. आजोबा, मग बाबा, मग मी. मेगन म्हणाली, "किती सुंदर." मी म्हटलं, "हो, सुंदर आहे."

पुढचं मात्र टेपवर सांगितलं नाही, ते तुला सांगते. त्या तारा माझ्या हातात कधीच हलल्या नाहीत. एकदाही नाही. बासष्ट साल आठव. तू मला तिकडे फळं डबाबंद करायच्या कारखान्यात काम बघून ठेवलं होतंस, खोलीसुद्धा घेतली होतीस, आणि माझी बॅग भरलेली होती. शुक्रवारची गाडी. बुधवारी बाबांचं अर्धं अंग गेलं. गुरुवारी म्हातारा कास्पर वांगलर गेला. त्याच्या पोरांनी बाबांना उचलून गाडीत बसवून टेकडीवर आणलं, पण बाबांचा हातच उचलत नव्हता. मग कोणीतरी तारा माझ्या हातात दिल्या. कास्परची बायको रुमाल चावत उभी, चाळीस माणसं टोप्या काढून उभी, आणि बाबा गाडीच्या काचेतून वाकड्या तोंडाने बघताहेत. मी चालले. काही होईना. तार म्हणजे तार, ती कशाला हलते? दुसऱ्यांदा परत फिरताना मी मनगटं गव्हाच्या दाण्याएवढी खाली केली. तारा एकमेकींवर आल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "उतरलं गं बाई, फाइस्टांचं रक्त उतरलं." शुक्रवारची गाडी माझ्याशिवाय गेली. तुला मी बाबांचं कारण लिहिलं, ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

त्यानंतर मी एक युक्ती केली. दफनाच्या आदल्या दुपारी लोखंडी सळई घेऊन एकटीच टेकडीवर जायचं आणि जमीन टोचून बघायची. उकरलेली माती सळई आत घेते, न उकरलेली घेत नाही. गवतही सांगतं, बर्फ आधी कुठे वितळतं तेही सांगतं. स्वयंपाकिणीला कणीक कळते तशी मला हळूहळू ती टेकडी कळली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तारांचं नाटक. कोणाचं नुकसान केलं नाही, एकाच्या हाडांवर दुसरा झोपवला नाही. पण सुटायची वाट मी माझ्याच हाताने बुजवून घेतली. आंटोन झेंगर मला मागणी घालायला आला तेव्हा त्याचं दुकान दूर बिस्मार्क शहरात होतं. समितीची माणसं रात्रीच्या जेवणाला आली, माझ्या हातची डंपलिंग खाल्ली आणि जाताना म्हणाली, "टिली, तू गेलीस तर आम्हाला कोण पुरणार?" चेष्टेतच म्हणाली. पण आंटोनने दुसरी बघितली आणि समितीने मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. सळईचं सांगावं तर बाबा आणि आजोबा खोटे ठरतात, अर्ध्या गावाचा आपल्या आईबापाच्या कबरीवरचा विश्वास उडतो. न सांगावं तर मी टेकडीवर अडकते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. "टिली आहे ना," एवढंच म्हणायचे लोक. ते शब्द ऐकले की मी हसून कोट चढवायचे.

आता यंत्राचा निकाल ऐक. मी इतक्या वर्षांत दाखवलेल्या, आधी वर काही खूण नसलेल्या एक्केचाळीस कबरींच्या जागा मेगनने तपासल्या. चाळीस बरोबर निघाल्या. लिओने मांडीवर थाप मारली, "बघितलंत? मशीन पास झालं." जिथे जमलं नाही ती एकच जागा, तुझ्या लेकीच्या दगडाची. मेगनने तिथून चार वेळा यंत्र फिरवलं, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाई, इथे खाली काही नाही. ही माती कधी कोणी हलवलेलीच नाही." लिओच्या कानांना काय झालंय देव जाणे, नको ते बरोबर ऐकू येतं. तो म्हणाला, "मग तिथे मशीन चुकलं. टिलीने दाखवलेली जागा आहे ती." सगळ्यांनी माना डोलावल्या. विद्यापीठाच्या यंत्रापेक्षा माझा शब्द मोठा ठरला, रोझिना, आणि मी तो ठरू दिला.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तू आलीस, आठवतं? गाडीच्या डिकीत दगड कोरूनच आणला होतास: "लाइबेल यांची तान्ही, १९५८". तुमच्याकडे एकच दिवस होता. पिअस गाडीला टेकून शेतांकडे बघत राहिला. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. तू माझे हात धरून म्हणालीस, "तुझे बाबा आईला म्हणाले होते, पोरीला मी आत घेतलंय. आत म्हणजे कुठे ते तू शोध." मी तारा घेऊन चालत राहिले आणि तुझ्या आईच्या क्रूसाच्या डावीकडे थांबले, कारण तिथे जागा होती आणि तिथे तिला बघायला तुला आवडलं असतं. मनगटं खाली केली. तू चांगल्या कपड्यांनिशी त्या गवतावर आडवी झालीस, गाल मातीला लावलास आणि म्हणालीस, "आजीजवळ आहे. आता मला झोप लागेल." तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द फुटला असता तर आज हे लिहावं लागलं नसतं.

तू म्हणशील, चुकली बिचारी, सळईने बघायला वेळ नव्हता. मी चुकले नव्हते. ती कुठे आहे ते मला ठाऊक होतं. बाबांसाठी त्या दिवशी कुंपणाची तार मीच वर उचलून धरली होती.

अठ्ठावन्नच्या त्या जानेवारीतलं तुला फारसं आठवत नसणार. वादळाचा तिसरा दिवस होता. पिअस ट्रॅक्टर घेऊन डॉक्टरला आणायला गेला आणि वाटेत अडकला. सुईण पर्पेतुआ तुझं रक्त थांबवत होती, तिचे दोन्ही हात तिथेच गुंतलेले. मूल तिने मागे न बघता माझ्या ओंजळीत दिलं आणि ओरडली, "हे राहत नाही गं! पाणी घाल, पाणी घाल!" धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं, फादर नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, पाणी आणि शब्द एवढंच लागतं. बादलीतलं पाणी गोठून दगड झालेलं. पंप गोठलेला. चुलीवर किटली होती, तुझ्यासाठी कॅमोमाइलच्या फुलांचा काढा ठेवलेला. मी त्यातलं थोडं कपात ओतलं, फुंकून गार केलं, तिच्या डोक्यावर तीनदा धरलं आणि शब्द म्हटले. एकही शब्द चुकला नाही. तिने डोळे उघडले होते. तुझ्यासारखे, एकमेकांपासून लांब. मग पाव तासाने गेली.

चार दिवसांनी रस्ता उघडला तेव्हा फादर अँब्रोझ आले. तू तापात बडबडत होतीस. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून विचारलं, "पाणी कुठलं घेतलंस?" मी पाणी म्हटलं असतं तर त्यांना सात जन्मांत कळलं नसतं. पण वीस वर्षांची मूर्ख मी, फादरांसमोर खोटं बोलायचं नाही एवढंच शिकलेली. काढा, म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "काढ्याने बाप्तिस्मा होत नाही, ओटिलिया. तू संस्काराची भातुकली केलीस." पुढे त्यांनी बाबांना सांगितलं, बाप्तिस्मा नाही तर कुंपणाच्या आत नाही. तुझी मुलगी तुमच्या कोठारात गव्हाजवळ एप्रिलपर्यंत होती. जमीन सुटल्यावर बाबांनी एका सकाळी ती पेटी काखेत घेतली. पश्चिमेच्या कुंपणाबाहेर, चराच्या अलीकडे, खड्डा केला. वर चपटा दगड ठेवला आणि गवत पुन्हा लावलं. मग कोणाला न सांगण्याची मला शपथ घातली. तुझ्या आईला ते म्हणाले, "आत घेतलंय, काळजी करू नका." चांगल्या मनाने म्हणाले. आमच्या घरात खोटं नेहमी चांगल्या मनानेच बोलतात.

तेव्हापासून तू मानत आलीस की तुझी लेक बाप्तिस्म्याविना गेली. एका पत्रात लिहिलं होतंस, "पुढे स्वर्गातही मी तिला भेटणार नाही, म्हणून निदान थडगं तरी हवं." ते पत्र वाचून मी दिवसभर धान्याच्या शेडमध्ये बसून होते. तुला काय सांगणार होते? बाप्तिस्मा दिला होता, पण माझ्या वेंधळेपणाने वाया गेला? नसलेल्यापेक्षा वाया गेलेला वाईट, असं मला वाटलं. पंचेचाळीस वर्षं वाटत राहिलं.

गेल्या महिन्यात मेगनने कुंपणाबाहेरची पट्टीही तपासली. तिथे पडद्यावर एकच खूण उमटली, पावाच्या डब्याएवढी. तिने विचारलं, "हे काय असेल?" लिओ म्हणाला, "कुत्रं पुरलं असेल कोणीतरी." तिने वहीत लिहून घेतलं: कुत्रं, बहुधा. मी तिथेच उभी होते.  घरी येऊन मी जेवले आणि भांडी घासली.

आपल्याकडे एका रविवाराआड फादर मॅथ्यू येतात, तरुण आहेत, गोड खाण्याचे शौकीन. त्यांना केक वाढला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "काढा गडद होता की फिका?" मी म्हटलं, "नुकताच टाकला होता. पाणी जेमतेम पिवळं झालं होतं." ते म्हणाले, "मग ते पाणीच होतं, टिली. पाण्यात चार फुलं पडली म्हणून ते पाणी राहत नाही का?" आणि केकचा दुसरा तुकडा घेतला. मला वाटलं होतं, असं कोणी म्हणालं तर मी गुडघ्यांवर बसून रडेन. मला राग आला, रोझिना. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. एका साध्या प्रश्नाचं काम होतं, तो फादर अँब्रोझना सुचला नाही, आणि मला स्वतःहून सांगायचं धैर्य झालं नाही. त्यापायी एवढंसं लेकरू चरात आणि मी टेकडीवर.

आज मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर लिओला गाठलं. म्हटलं, "ते कुत्रं नाही, रोझिनाची मुलगी आहे. आणि तारा माझ्या हातात कधी हलल्याच नाहीत, मी सळईने बघते." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि त्याचा चेहरा बघवेना. म्हणाला, "मग माझी आई?" मी म्हटलं, "तुझी आई जिथे आहे तिथेच आहे, लिओ. चांगलं चार फूट टोचून बघितलंय." एव्हाना गावभर झालं असेल. अजून एकाही बाईचा फोन आलेला नाही, एरवी रविवारी तो थांबत नाही.

सोबत काउंटीचा कागद आहे. कुंपणाबाहेरची जागा रक्ताच्या नातेवाइकाने लेखी मागणी केली तरच उघडतात, नाहीतर वीस तारखेला तिच्यावर खडी पडेल. मी आई नाही, मला सही करता येत नाही, म्हणून हे पत्र. माझ्याशी पुन्हा बोलायचं की नाही ते नंतर ठरव, आधी सही करून हा उलट टपाली पाठव. फादर मॅथ्यू येणार आहेत, तिला तुझ्या आईजवळ, त्या दगडाखाली आणू, तुझी शेजारची जागाही तशीच ठेवू. आणि कागदावर मृताच्या नावाचा रकाना आहे, तिथे "तान्ही" लिहू नकोस. बाप्तिस्मा नावाने द्यायचा असतो. विचारायला तू शुद्धीवर नव्हतीस, पर्पेतुआ ओरडत होती, पोर निळी पडत चालली होती, आणि त्या घाईत मला जगातलं एकच नाव आठवलं. मी तिला माझं नाव दिलं. तिथे ओटिलिया लिही. आडनाव तुमचं, लाइबेल. सही खाली डाव्या कोपऱ्यात.

तुझीच,
टिली